अठ्ठेचाळीस दारं

ललवाणी साहेब म्हणाले, हाताने केल्यासारखं दिसलं पाहिजे.
टेबलावर इंग्लंडातल्या घरांचे फोटो पसरलेले.
गिरण्यांच्या धुराला विटून
कुणीकुणी पुन्हा रंधा हातात घेतला, त्या काळातली घरं.
ओकचे दरवाजे, उघडे सोडलेले सांधे,
खाचेतून आरपार डोकावणारं कुसू,
जोड कुठे आहे ते लपवायचं नाही, असा बाणा.
ते सगळं आम्ही सूस रोडवर आणणार होतो.
बारा मजले, मजल्यावर चार घरं, खाली पार्किंग.
ओकच्या जागी साग,
सागाच्या जागी, दुसऱ्या मीटिंगनंतर, सागाचं व्हिनियर.

दारावरच्या तांब्याच्या पाट्या माझ्याकडे आल्या
कारण ऑफिसात सगळ्यात नवी मीच.

तांबट आळीत गाडी लावायला जागा नसते.
लांब कुठेतरी लावून चालत गेले,
पत्ता विचारायची वेळ आली नाही, आवाजानेच नेलं.
मोरेश्वर वडक्यांनी फोटो हातभर लांब धरला.
"केल्यासारखं हवंय, का केलेलं?"
मी म्हणाले, साहेबांना विचारून सांगते.
खरंच असं म्हणाले मी.

नमुना म्हणून त्यांनी एक पाटी घेतली.
पत्रा खरवईवर, हातोडी मनगटातून.
ठोक्याला लागून ठोका,
कणसात ज्वारीचे दाणे बसतात तसे.
तांबं हळूहळू उजेड धरायला लागलं.
मला गप्प बसवेना.
विचारलं, किती वर्षं करताय हे?
त्यांनी मान वर केली.
हात थांबला नाही, त्याला थांबायची सवयच नव्हती.
ठोका पडला,
पण अर्ध्या दाण्याइतका बाजूला.

त्यांनी माझ्याकडे नाही, त्या खळग्याकडे पाहिलं.
"ही राहू द्या. दुसरी करतो."
पण पाचला मीटिंग होती.
मी ती ओढणीत गुंडाळून घेऊन आले.

अठ्ठेचाळीस पाट्या, अडीच महिने,
आणि एकीसारखी दुसरी होणार नाही.
साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला, मग ठेवून दिला.
"एक आहे ना आपल्याकडे?"

भोसरीला एका शेडमध्ये तिची डाय बनली.
प्रेसला एका पाटीमागे चार सेकंद लागतात.
मी मोबाईलवर वेळ लावून पाहिली.
चार सेकंदांत सगळे दाणे,
आणि चौथ्या ओळीत, उजवीकडे, तो.
माझ्या प्रश्नाने एकदा चळलेला हात
न चुकता अठ्ठेचाळीस वेळा चळला.

लोक राहायला आले.
कुणी पाटीवर तोरण सोडलंय,
कुणी दूधवाल्यासाठी सूचना चिकटवली आहे, अर्थात ठळक अक्षरात.
सातशे चारमधली मुलगी
आई पर्समध्ये किल्ली शोधेपर्यंत
त्या खळग्यात अंगठा घालून उभी राहते.
बरोब्बर बसतो.
तिला वाटतं, ही खूण फक्त आमच्याच दारावर.
मी काही बोलले नाही.
गळतीची तक्रार होती, ती लिहून घेतली.

मूळ पाटी माझ्या ड्रॉवरमध्ये होती दोन वर्षं.
काळवंडली. परवा घेऊन गेले आळीत.
वडक्यांनी चिंच लावून घासली,
बोट बरोबर चौथ्या ओळीत जाऊन थांबलं.
मी भोसरीचं सगळं सांगितलं.
ते हसले, खांदे हलले नुसते.
"एकदा चुकली तर चूक. अठ्ठेचाळीस वेळा म्हणजे डिझाइन."
पाटी खरवईवर ठेवली, हातोडी उचलली.
दुरुस्त करू?
मी नको म्हणाले. फार घाईने म्हणाले.

त्यांनी पाटी परत दिली, कागदात बांधून.
मी पायरी उतरताना मागून म्हणाले,
"सेहेचाळीस.
तुम्ही विचारलं तेव्हा चव्वेचाळीस होती."
आणि ठोके पुन्हा सुरू झाले.