पाटी

लेकीनं फोटो पाठवला, रस्त्यावरच्या पाटीचा.
वर तिरकी अक्षरं, खाली सरळ, ठळक.
"अप्पा, तुमच्या कामाचं आहे," शिवलीला म्हणाली.
मी चष्मा पुसला.
उदगीरच्या अर्ध्या दुकानांवर माझ्या हातची अक्षरं होती,
मराठी, उर्दू, कानडी, फ्लेक्स यायच्या आधी.
न वाचता येणारी भाषाही माझा कुंचला ओळखतो.
ही वरची ओळ म्हाताऱ्या माणसासारखी
पुढं वाकून चालली होती.

"ती आयरिश. शाळेत सगळे शिकतात, बोलतात थोडे.
माझ्या वॉर्डातले कोलमबाबा इंग्रजी विसरत चाललेत,
म्हणून मी शिकायले."

पहिला शब्द पाण्याचा. इश्का.
खाजामियाँ पंक्चर काढता काढता हसला,
"बुड्ढा दवाखाने में इश्क मांगता?"
म्हटलं, आठ दिवसांनी नळ येतो तुझ्या गल्लीत,
तू कशाला हसायलास.

मग रोज रात्री जेवणानंतर एकेक शब्द यायचा.
कुणी भेटलं की म्हणायचं, देव तुला असो.
समोरच्यानं म्हणायचं, देव आणि मरियम तुला असोत.
तिसरा आला तर तो वर आणखी एक संत घालणार.
पटलं मला. शेजारणीची वाटी
आपल्यातही रिकामी परत जात नाही,
निदान चार मिरच्या तरी.

अक्षराच्या डोक्यावर कधी एक तिरकी काडी असते.
फ्यार म्हणजे माणूस.
काडी दिली की फेर, म्हणजे गवत.
मी एकदा किराणावाल्या दीनानाथचा दिनानाथ केला,
त्यानं पन्नास रुपये कापले.
तिकडं तर माणसाचं गवत होतं.

त्या भाषेत 'हो' नाही. 'नाही'पण नाही.
जेवलास का? जेवलो.
येतोस का? येतो.
यात नवीन काय, मी म्हणालो,
मोंढ्यात तासभर बसून बघ,
कुणी सरळ 'हो' म्हणतंय का.

वस्तू कुणाची नसते, कुणापाशी तरी असते.
आज माझ्यापाशी, उद्या खाजामियाँपाशी
(विशेषतः माझे दोनशे रुपये).
भाषाही पाशीच असते म्हणे:
माझ्यापाशी आयरिश आहे.
आपल्याला भाषा येते.
कुठून येते, कधी विचारलं नाही.
आभार मानायचे तर गुर महागत,
चांगलं तुझ्यापाशी असो.
हे मी दुकानाच्या फळीवर खडूनं लिहून ठेवलं,
देवनागरीत, वर काडी न देता.

आणि भूक लागत नाही तिथं, अंगावर असते.
ता उक्रस ओरम. भूक आहे माझ्यावर.
'आहे' आधी, बाकी मागून.
आपण 'आहे' शेवटी ठेवतो,
तोवर ऐकणाऱ्याला धाकधूक.

मंगळवारी फोन आला तो पहाटे.
बराच वेळ नुसता तिचा श्वास.
मग म्हणाली, "ता ब्रोन ओरम, अप्पा."
हा शब्द तिनं शिकवला नव्हता.
विचारायची गरज पडली नाही.
सात नंबरची खाट, म्हणाली. झोपेतच.
संध्याकाळी पाणी पाजलं तेव्हा
गुर महागत म्हणाले होते.

मला सांत्वनाचं बोलता येत नाही,
उभा जन्म दुसऱ्यांची नावं रंगवण्यात गेला.
पण गुरुवारच्या बाजारात बघितलंय,
डोक्यावर भरली पाटी घेतलेली बाई
जागेवर पोचली तरी उभीच राहते.
एकटीला उतरत नाही.
येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघते,
आणि कुणीही अनोळखी थांबतो.

म्हटलं, "शिवलीला,
तुझ्यावर आहे ना ते?
मग उतरतं.
हात लावू का?"

तिकडं कुणाची तरी घंटी वाजली, ट्रॉली गेली.
ती हो म्हणाली नाही.

"लावा," म्हणाली.