नावाआधी

रात्रीचे पावणेदोन. रबाळे एमआयडीसी.
बुटांवर निळं प्लास्टिक, अंगात भावाचा स्वेटर,
आणि सतराव्या रॅकमधलं एक मशीन
दर अकरा मिनिटांनी चार सेकंद श्वास धरून बसतंय.
कुणाला कळत नाही. फक्त एका बँकेला कळतं,
आणि बँक फोन करते.

मुंब्र्याहून फैजल मुकादम लाइनवर,
मागे त्याचं बाळ रडतंय:
"कर्नललाच विचार ना. नाव घेऊन विचार."

आत पन्नासेक हजार फंक्शनं.
जवळजवळ प्रत्येकाच्या उंबऱ्यावर पाच बाइट रिकामे,
काहीच न करणारे, मुद्दाम ठेवलेले,
कधी कुणी चौकशीला येईल म्हणून.
नाव घेतलं की तिथे वही घेऊन एक जण बसतो:
कोण आत गेलं, किती वाजता, बाहेर कधी आलं.

आधी नुसती चांदणी टाकली.
चांदणी म्हणजे कुणीही, कितीही, काहीच नसलं तरी चालेल.
सगळ्या उंबऱ्यांवर वह्या बसल्या,
मशीन लिहिता लिहिताच धापा टाकू लागलं,
नवी ओळ जुन्या ओळीच्या मांडीवर,
आणि मला हवी ती ओळ कधीच पुसलेली.

मग चांदणी, लॉक, चांदणी.
कुलपं शोधायला गेले, तर ब्लॉक आला, क्लॉक आला,
पोटात लॉक घेऊन हिंडणारे सगळे आले,
आडनाव जुळलं म्हणून
परक्याच्या हळदीत जेवायला बसावं तसे.

मग ब्लॉक, अधोरेषा, चांदणी. दोनशे बारा नावं.
अकरा मिनिटं थांबले.
चार सेकंद आले, गेले.
एकाही वहीत उशीर नाही.

"काहींना दारच नसतं," फैजल म्हणाला,
"कंपायलर त्यांना शेजारच्या घरात विरघळवतो.
काम चालू राहतं, नाव उरत नाही."
माहीत आहे, म्हटलं. मी घणसोलीची.
आमच्या खाजणाला आता सेक्टर म्हणतात.

तो हसला नाही. बाळाला थोपटत राहिला.

आणि मला बेलापूरची ती भिंत आठवली,
साडेबारा टक्क्यांची यादी, टाइप केलेली,
कोपरे टाचणीने फाटलेले.
मी नववीत. आईला वाचता येत नव्हतं,
तिचा हात माझ्या मनगटावर, घट्ट.
मी ज बघत होते:
जगन्नाथ, जनार्दन, जानू, जोत्या,
मग एकदम झिपऱ्या.
जोमा हिरू मढवी नाही.
तीन मंगळवार नाही.
"परत बघ गो. बापूस हाय त्यान."

चौथ्या मंगळवारी चहाची किटली घेऊन जाणारा शिपाई
न थांबताच म्हणाला,
"वारलेत का? मग क मध्ये बघा."

क मध्ये होते.
कै. जोमा हिरू मढवी.
वर खाली गावातले आणखी कितीतरी,
होडीवाले, मिठागरवाले, दोघे तर बांधावरून भांडलेले,
सगळे एका पानावर.
एवढंसं कै नावाआधी येऊन बसलं
आणि माणूस दुसऱ्याच अक्षरात राहायला गेला.
आई काही बोलली नाही.
तिने फक्त विचारलं, कुठली ओळ,
आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

पावणेतीन.
मी चांदणी पुढेही लावली.
चांदणी, ब्लॉक, चांदणी.

तीन वाजून सहा मिनिटांनी सापडलं:
नावाआधी दोन अधोरेषा असलेलं एक फंक्शन,
एका कुलपाशी चार सेकंद उभं.
दोन अधोरेषा म्हणजे आतलं, घरचं,
बाहेरच्याने थेट हाक मारू नये असं.
मीही मारली नव्हती.

तिकिटात नाव लिहिलं, रेषांसकट.
पलीकडे बाळ झोपलं असावं,
फैजल कुजबुजत म्हणाला, सकाळी बघतो.

वह्या उठवल्या.
उंबऱ्यावर पुन्हा पाच बाइट रिकामे.