गाळा क्रमांक अकरा, लक्ष्मीपुरी

फितीचं एक टोक इर्शादच्या बोटात,
दुसरं माझ्या अंगठ्याखाली.
रुंदी नऊ फूट चार इंच, खोली तेवीस फूट.
माळा धरायचा नाही, धरलाच तर निम्म्या भावानं.
भूपाल मगदूम स्टुलावर बसून
कुणा भाजीवाल्या मावशीचा तराजू
कानशीनं सरळ करत होते.
वर पाटी: येथे वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.

इर्शाद नवा. त्याला सांगत होते,
बाजारमूल्य म्हणजे काय:
घेणाऱ्याला गरज नाही, विकणाऱ्याला घाई नाही,
दोघांनाही सगळं ठाऊक आहे,
आणि कुणी कुणाचा मेहुणा नाही,
अशा दोघांत जो ठरेल तो आकडा.
इर्शाद म्हणाला, मॅडम,
अशी दोन माणसं कोल्हापुरात भेटतात कुठं?

शेजारचे व्यवहार काढले होते मी.
कोपऱ्यावरचा मोबाईलवाला: दोन बाजूंनी रस्ता, म्हणून महाग.
मसाल्याचं दुकान: कागदावर एक, हातात एक.
तिसरा भावाभावातला, तो खोडला.
उरला अलीकडचा एक. फुटाला बारा हजार.

बांधकाम बावन्न वर्षांचं, आयुष्य साठ धरतात.
राहिली आठ.
(भिंतीला हे कुणी सांगितलेलं नाही.)

मग भाड्याकडून. असाच गाळा महिना अठरा हजाराला जातो,
वर्षाचे दोन लाख सोळा,
त्यातून घरपट्टी, डागडुजी, रिकामा राहिला तर तो महिना,
हाताशी एक लाख ऐंशी.
आठ टक्क्यांनी भागलं की साडेबावीस लाख.
चाळीस वर्षं माणसं इथंच येतात,
त्याला रकाना नाही.

"ताई, हे बी लिव्हा," मगदूम उठले,
कॅलेंडर बाजूला सारलं.
खाली पेन्सिलीची रेघ, माझ्या खांद्याला लागेल एवढी.
"एकोणीसचं पाणी. हितवर."
रंग नवा होता. मला दिसलं नसतं.
काका, दहा टक्के कमी होतील.
"व्हईनात. आलतं ते आलतं."
मी लिहिलं.

फीत गुंडाळताना त्यांनी हात पुढं केला.
"टेप आणा हिकडं."
पितळी पट्टी काढली, शासनाचा शिक्का असलेली,
दोन्ही शेजारी ठेवली, एक डोळा मिटला.
"आकडी वाकलीय. तीन मिलिमीटर जास्त दावतीय."

तीन मिलिमीटर, काका!
तेवीस फुटाला पाव चौरस फूट, रुंदीकडून आणखी थोडं,
पैशात चार हजारांच्या आतबाहेर.
बँक हजारात पूर्णांक करते.
"चार हजार म्हंजे माझं आठ काटं," ते म्हणाले,
आणि त्यांचाच भाव खाली येणार हे
त्यांना कळत नव्हतं असं नाही.

आकडी ठोकली, पुन्हा पट्टीला लावली, पुन्हा ठोकली.
वीस रुपये घेतले. पावती दिली.
इर्शादनं टोक धरलं, मी परत वाचलं.
नऊ फूट चार इंचांना थोडं कमी.

शेवटचा रकाना: घाईत विकावा लागला तर.
तो मी नेहमी ऑफिसात बसून भरते,
मालकासमोर नाही.

रात्री कपाट उघडलं.
ही फीत घेतल्यापासूनच्या फायली: एकसष्ट.
राजारामपुरीतला दवाखाना, उद्यमनगरातलं लेथचं शेड,
गांधीनगरातली कापडाची तीन दुकानं,
सगळ्यांवर माझी सही, खाली गोल शिक्का.
एकदा जिन्यावरून पडली होती फीत,
तो दवाखाना होता की शेड,
आठवत नाही.