आकसपट्टी

केरबा सुताराची पट्टी खोटी होती.
तिच्यावरचा फूट
दुकानातल्या फुटापेक्षा इवलासा लांब.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा कोरायचा.
उद्यमनगरात हे चहावाल्या पोरालाही ठाऊक.

मला नव्हतं. मी हिशेब लिहिणारी.

बाबगोंडांची फाउंड्री: एक भट्टी, अकरा माणसं,
उलाढाल एक कोटी चाळीस,
आणि शिल्लक बारा लाख, रोकड, हातात.
मग पुण्याची ऑर्डर आली.
शिरोलीला शेड. दुसरी भट्टी. तिसरी पाळी.
तीन वर्षांत नऊ कोटी.
फेटा, हार, हॉलमध्ये सत्कार,
पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाले,
"नाद करायचा न्हाई आपला!"
माझ्या पिशवीत त्याच नऊ कोटींचा ताळेबंद,
तळाशी चार लाख,
त्यातले तीन भंगाराच्या भावावर धरलेले.

"गेला कुठं पैसा?" मला विचारायचे,
जणू मीच खाल्ला.
पैसा पुण्यात होता, एकशेवीस दिवसांच्या वायद्यावर.
वीजबिलात होता. बँकेत व्याज होऊन बसला होता.
आणि शेडमागं, परत आलेल्या ब्रॅकेटांच्या ढिगात:
वरून गुळगुळीत.
केरबानं एक कापून दाखवली. आत पोकळ्या,
बोराएवढ्या.
"घाईनं वतलं की वारा आत गावतो, बाई.
आन् निवताना वरनं रस पाजाय लागतोय,
न्हाईतर प्वाट खपाटीला जातंय."
तो लोखंडाबद्दलच बोलत होता.
बाबगोंडा माझ्याकडं बघत होते.

दुसरी भट्टी विकली. पुण्याला निम्मी ऑर्डर परत.
त्या मार्चला तोटा. पुढच्याही.
त्याच्या पुढच्या साली
साडेचार कोटींवर सत्तावीस लाख;
हार घेऊन कुणी आलं नाही.

नियम म्हणून सांगत नाही.
शेजारचा मगदूम असाच धावला होता,
आज कागलला त्याचे तीन प्लांट आहेत
आणि तो रात्री झोपतो म्हणे.

केरबा गेला. पट्टी त्याच्या सुनेनं मला दिली.
परवा एक पोरगा आला, राजारामपुरीचा,
मसाल्यांचा धंदा, डोळे लखलखीत,
पाच वर्षांचे आकडे, दरसाल तिप्पट.
मी बेरजेखाली रेघ ओढायला पट्टी ठेवली.
त्यानं वाकून पाहिलं.
"मॅडम," म्हणाला,
"तुमची पट्टी चुकीची आहे."