साका

चौतीस वर्षं मी गाळ वाचला.
परळच्या प्रयोगशाळेत, खिडकीलगतच्या टेबलाशी,
नळी फिरवायची, थांबायचं,
वरचं नितळ बेसिनमध्ये ओतून द्यायचं
आणि तळाशी उरला थेंब
काचेवर घेऊन विचारायचं, बोल.

आता उलटं.
मुलुंडला, चौथ्या मजल्यावर, आमच्या न्हाणीघरात
वीस लिटरची पांढरी बादली,
आणि एल्रॉय सांगतोय, काका,
वरचं ठेवायचं, खालचं टाकायचं.

एल्रॉय म्हणजे मृण्मयीचा.
मृण्मयीचा कोण, ते अजून
नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावर लटकतंय.

हॉप्स त्यानंच आणले, चंदेरी पाकिटात.
दिसायला सशाच्या लेंड्या,
वासाला ओलं गवत, संत्र्याची साल
आणि मागून येणारा कडुनिंब.
पाच दिवसांत फुगले, फुटले, विरले.
अर्धे बसले तळाशी,
अर्धे अजून वरच, हिरवट, हट्टी,
सायीसारखे बादलीच्या कडेला धरून.

तुरटी फिरवू का, मी म्हटलं.
गढूळ पाण्यात आम्ही फिरवायचो.
तो हसला, पण तोंड वळवून.

बर्फ त्यानं पहाटे मासळीबाजारातून आणला,
पोत्यात, भुशासकट, स्कूटरवर पायांशी.
बादलीभोवती टबात रचला.
थंडीनं सगळं खाली बसतं, म्हणाला.
मला हे कोणी सांगावं!
पण मी ऐकून घेतलं, विद्यार्थ्यासारखं.

नळीच्या टोकाला मलमलीचा तुकडा,
उकळलेला, दोऱ्याचे तीन वेढे.
चक्क्याचा आहे, शैला दारातून म्हणाली,
परत द्या, आणि ह्या वासाचा देऊ नका.

मग मी नळी तोंडाला लावली. सवय.
आम्ही तसंच शिकलो, ओठांनी ओढायचं.
काय काय गेलं असेल पोटात, देव जाणे.
काका, नको! त्यानं माझा हात धरला.
पहिल्यांदाच.
बादली हलली.

तळातून एक ढग उठला,
सावकाश, हिरवा,
आणि सगळी बिअर पुन्हा पाच दिवस मागे गेली.

सॉरी, तो म्हणाला.
थांबू, मी म्हटलं.
थांबण्याचाच तर पगार घेत होतो.

तो पाटावर, मी कमोडच्या झाकणावर,
मध्ये बर्फाचं पाणी टपटपतंय.
तासाभरानं, बादलीकडे बघत तो बोलला,
पप्पांचे नमुने तुमच्याकडेच यायचे, परळला.
मी घेऊन यायचो कलिनाहून,
डबी खिशात, गरम.
शेवटच्या वर्षी दर सोमवारी.

मी आठवायला गेलो.
पिवळ्या झाकणांची रांग आठवली,
सोमवारची गर्दी, खिडकीतला पिंपळ.
नाव नाही. नळ्यांवर आकडे असायचे.
खालचं मी वाचलं असणार, लिहिलं असणार,
वरचं ओतून दिलं असणार.

त्यानं विचारलं नाही. मीही काही म्हटलं नाही.
टॉर्च लावून पाहिलं, साका बसला होता.
नळीत उकळून गार केलेलं पाणी भरून
त्यानं टोक सोडलं, आणि मलमलीतून उतरू लागली
सोनेरी, गुपचूप, फेस न करता.
अठ्ठावीस बाटल्या.
नळी तळापासून चार बोटं वर धरून
माझा हात जराही हलला नाही,
एवढं मात्र शैलाला सांगण्यासारखं.

आता हे टाकू, तो म्हणाला.
मी म्हटलं, थांब.
एकोणतिसाव्या बाटलीत मी ते भरलं,
तळचं, गढूळ, कडू,
ट्यूबलाइटसमोर धरलं. काहीच दिसेना आरपार.
चिकटपट्टी लावली,
आकडा घालायला पेन उचललं,
आणि तसंच धरून विचारलं,
पप्पांचं पूर्ण नाव सांग.

झाकण दाबायचं यंत्र हातात घेऊन
तो उभाच राहिला थोडा वेळ.
मग म्हणाला, लिहा.