जोतं

सेमारांगच्या उत्तर अंगाला समुद्र रोज घरात येतो.
लाट वगैरे काही नाही. मोरीतून, फरशीच्या सांध्यातून,
उशिरा परतलेल्या मुलासारखा, चपला हातात घेऊन.

इथली माणसं दर पाच-सात वर्षांनी जोतं उंचावतात.
भराव, वर वाळू, वर नवी फरशी.
छप्पर तिथल्या तिथे.
रेत्नो विलुजेंग जन्मल्या घरात आता वाकून शिरते.
ज्या गजाला लहानपणी टाचा उंचावून लोंबायची
तो तिच्या गुडघ्याला लागतो.

ती बँका तपासते.
शेजारीण विचारते, म्हणजे नेमकं काय गं?
ती म्हणते, जोतं मोजते.
पाणी येणार हे धरून चालायचं,
किती येईल यावर आमची भांडणं.

तिच्या तक्त्यात प्रत्येक ओळ 'समजा'ने सुरू होते.
समजा, रुपिया चाळीस टक्के पडला.
समजा, व्याज दुप्पट झालं.
समजा, सकाळी आठला दाराशी रांग लागली.
बरोबरची तरुण पोरं भराभर आकडे घालतात.
रेत्नो तिसऱ्या ओळीशी थांबते.
तिला काय समजायचंय?
त्या रांगेच्या पलीकडे, काचेआड, तिचे वडील होते.

सत्त्याण्णव साल. यादीत सोळा नावं.
पाक सुतिक्नोंनी शटर अर्धं ओढलं, अर्धं ओढवेना.
टोफू विकणारी एक बाई खालून वाकली,
पासबुक त्यांच्या हाती दिलं.
'तुम्हीच ठेवा. मला कुठं वाचता येतं.'
तिचं नाव वाचायचंही भान त्यांना राहिलं नाही
आणि शटर पडलं.

पैसे पुढे मिळाले म्हणतात लोकांना.
तोवर सोयाबीन इतकं चढलं होतं
की त्या रकमेत पातेलं भरलं नसतं.

आज तपासणी एका लहान बँकेची.
सात कर्जदार, सात सह्या, पत्ता एकच.
रेत्नो भाड्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली.
कोळंबीची तळी. शेवाळ. दोन बदकं.
राखणदार लवंगेची सिगारेट ओढत बसलेला.
'कोळंबी कुठाय?'
'ती कागदावर वाढते, बाई. इथं खारट फार.'

परत आली तर टेबलावर लुंपियाचा डबा,
संचालक कुंतोरो यांजकडून, सस्नेह.
भूक लागली होती. एक खाल्ली.
डब्याच्या झाकणाखाली किंमत ठेवली,
आणि पावती मागितली.
संचालक हसले. मग हसायचे थांबले.

जुन्या वह्यांच्या समासात वडिलांची अक्षरं तिनं पाहिली आहेत.
एका घराण्याच्या अकरा कंपन्या, प्रत्येक कर्जापुढे
तीच बारीक, वळणदार सही, आणि एक शब्द:
'पाहिले.'
खोटं नव्हतंच ते. त्यांनी पाहिलं होतं.

रात्री ती अहवाल लिहिते.
'सुधारणा अपेक्षित' लिहून खोडते.
'गंभीर बाब' खोडते.
मग साध्या शब्दांत लिहिते: तळी रिकामी आहेत. मी गेले होते.
वरचे साहेब हे वाक्य गाळतील, तिला ठाऊक आहे.
पुन्हा लिहीन, म्हणते. वाक्यच आहे.

वडील दाराशी वाळूची घमेली मोजतायत,
येत्या महिन्यात पुन्हा भराव.
'बंद करणार का गं ती बँक?'
'माझ्या हातात नाही, बापाक.'
'लोकांना आधी कळू दे.'
'आधी कळलं तर रांग लागेल.'
ते गप्प. मग म्हणतात, 'हो. ते आहेच.'

माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात ते पासबुक आहे.
बाई परत आली नाही, कुणी शोधायला गेलं नाही.
पूर्वी डबा काढायला शिडी लागायची.
मग स्टूल.
आता जमिनीवर उभं राहून
हात सहज पोचतो.