पंप बंद पडल्यावर

तोसोन्त्सेन्गेलच्या शाळेचं बॉयलरघर
जमिनीत दीड पुरुष खोल आहे.
का, ते कुणी विचारत नाही.
त्सेवेलमाला वाटायचं, वाऱ्याला आडोसा म्हणून असेल.

रात्री दोन चाळीसला वीज गेली.
आधी पंखा थांबला, मग पंप,
आणि अठरा वर्षं कानात मुरलेली ती घरघर
अशी गेली, की घरातलं कुणी
बोलता बोलता उठून बाहेर जावं.

बाहेर उणे चव्वेचाळीस.
वर वसतिगृहात एकशे बारा मुलं,
आईबाप दूर, मेंढरांमागे, हिवाळी तळावर.

कोळसा मात्र पेटलेलाच.
त्याला कुणी कळवलं नव्हतं.
हवा कमी पडली तशी ज्योत लांबली,
पिवळी झाली, आळसावली,
विटांवर काजळी धरू लागली.
अर्धवट जळणं हे असं असतं:
धूर फार, धग थोडी,
आणि जे मारतं त्याला वासही नसतो.
तिचा भाऊ दोंदोव तसाच गेला,
झोपेत, नमद्याच्या तंबूत,
गालांवर लाली घेऊन.

म्हणून धुराड्याची झडप तिनं सताड उघडी ठेवली,
राखेचं दार बोटभर फटीवर आणलं,
निखारे पुढे ओढले,
वर राख लोटली.
विझवायचं नव्हतं. समजूत काढायची होती.
आग अशीच राहिली तर पाणी उकळून नळ्या फुटणार,
विझली तर पहाटे त्याच नळ्या
बर्फानं फुटणार.

भिंतीवर रंगाच्या तीन थरांखाली एक बाण आहे,
आणि बाणाच्या टोकाला एक चाक.
गोंबोसुरेन मिस्त्री निवृत्त होताना म्हणाला होता,
पंप मेला की हे फिरव.
ती हसली होती. पंप कुठे मरतो?

चाक हलेना.
पान्यात पाइपाचा तुकडा खुपसून
ती त्यावर सगळ्या वजनानिशी लोंबकळली.
गंज कुरकुरला. मग सुटला.

मग काहीच नाही.
परतीच्या नळीवर तळहात. गार.
तीन वाजले. गार.
तिनं कान लावला.
लोखंडात कुठेतरी लांब,
बोटं मोडल्यासारखं: टक्.
आणि जरा वेळानं, आणखी लांब: टक्.

पाणी चालू लागलं होतं.
कुणी ढकलत नव्हतं त्याला.
तापलेलं हलकं होऊन वर निघालं होतं,
खोल्याखोल्यांत ऊब ठेवून जड झालेलं
खाली उतरत होतं,
एकानं जागा सोडायची, दुसऱ्यानं घ्यायची,
इतकाच करार.
पुस्तकात याला अभिसरण म्हणतात.
शब्दात अभिसार आहे खरा,
पण हे पाणी काही नटूनथटून भेटीला निघालेलं नव्हतं.
पहाटे विहिरीवर जाणाऱ्या बाईसारखं,
पायवाट पाठ असलेलं,
घाई नाही, थांबणंही नाही.

तेव्हा तिला खड्ड्याचा अर्थ लागला.
आग खाली असली
तरच पाण्याला वर जायला कारण मिळतं.
कुणीतरी, तिच्या जन्माआधी,
नळ्यांना बोटबोट उतार देत
ह्या रात्रीसाठी खणून ठेवलं होतं.

ती उलट्या बादलीवर बसली.
दर वीस मिनिटांनी एक हात नळीवर,
दुसरा स्वतःच्या गालावर,
दोन्हींतला फरक मोजत.
कोमट. कोमट. जरा जास्त कोमट.

सव्वासहाला दिवे आले.
पंप असा घुरघुरला
जणू मध्ये काही झालंच नाही.
वहीत तिनं लिहिलं:
वीज नव्हती, २:४० ते ६:१५. कोळसा, चार फावडी.
आणखी काय लिहायचं ते सुचलं नाही.

सात वाजता शेवटच्या खोलीतली सोलोंगो
पायऱ्या उतरून आली, चिडलेली.
रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे
ओलेच राहिले होते.

त्सेवेलमानं ते घेतले,
झटकले,
आणि बॉयलरच्या दाराच्या कडीवर
जोडीनं टांगले.